पायापासून माणूस काढणारी मावशी

समोर बसलेल्या माणसाचं चित्र काढता काढता त्याच्या पुतणीसाठी स्थळ सुचवणारी, त्याच्या पोटदुखीवर ओवा सांगणारी, त्याच्या पाठीमागे उशी सरकवायला तीनदा उठणारी आणि एवढं सगळं करून शेवटी त्याचं डोकं कागदावर मावलं नाही म्हणून त्याला मुंडक्याशिवाय घरी पाठवणारी चित्रकार साऱ्या वऱ्हाडात एकच झाली, आणि ती म्हणजे माझी मावससासू. ‘झाली’ म्हटलं म्हणून कुणी दचकू नये. बाई ठणठणीत आहेत. वरवट बकालला मुलाकडे असतात, सकाळी दोन भाकरी खातात आणि गावातल्या निम्म्या लोकांना नावं ठेवतात. फक्त आता त्या चित्र काढत नाहीत.

त्या आमच्याकडे मलकापूरला आल्या त्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी. पंधरा दिवस राहायचं ठरलं होतं. राहिल्या साडेतीन वर्षं. पहिल्या डोळ्याची पट्टी निघाली त्या सकाळी त्या आमच्या गच्चीवर गेल्या आणि बराच वेळ खाली आल्या नाहीत. मी वर जाऊन पाहिलं, तर शेजाऱ्यांच्या पाण्याच्या टाकीसमोर हात जोडल्यासारख्या उभ्या. टाकी साधी प्लॅस्टिकची, निळी. मला म्हणाल्या, “जावाईबापू, हे टाकी पयलेपासून इतकी निळी व्हती का?” मी म्हटलं, पहिल्यापासून. त्यावर टाकीवरची नजर न काढता म्हणाल्या, “मंग मले काऊन कोणी सांगतलं नाही?” पुढचे आठ दिवस त्या घरभर फिरून रंगांची फेरतपासणी करत होत्या. माझा जो सदरा त्या बदामी समजत तो पांढरा निघाला. काळं आहे म्हणून चार वर्षं पेटीत ठेवलेलं लुगडं जांभळं निघालं, तेव्हा त्या ते लगेच नेसून बसल्या. मग एका दुपारी जेवताना त्यांनी माझ्याकडे नीट निरखून पाहिलं आणि समाधानानं मान हलवली. “तुमी सावळेच आहा तर,” म्हणाल्या. “मले वाटे माह्या डोळ्यायचाच दोष हाये.” बायकोला ठसका लागला. जावयाचा मान राखावा हे मावशींना पुरेपूर ठाऊक होतं. म्हणून तर त्यांनी मला वाढलेल्या भाकरीवर लोण्याचा गोळा आणखी मोठा घातला.

चित्रकलेचा नाद मुळात माझा. स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझं औषधांचं दुकान आहे. सहा दिवस मी डॉक्टरांची अक्षरं वाचतो आणि रविवारी सकाळी सरांकडे जातो. सर म्हणजे शाळेत ड्रॉइंग शिकवून निवृत्त झालेले एक अतिशय मवाळ गृहस्थ. त्याच रस्त्यावर कापसाचा व्यापार करणाऱ्या एका शेठजींच्या सरकी-ढेपेच्या जुन्या गोदामावर एक लांबट माडी रिकामी पडली होती. ती शेठजींनी सरांना वापरायला दिली. तिथे दर रविवारी आम्ही सात-आठ जण जमतो: दोन मास्तर, एक नर्सबाई, नंबर प्लेटा आणि दुकानांच्या पाट्या रंगवणारा बबन पेंटर, मी, आणखी कुणी ना कुणी. मधोमध एक माणूस खुर्चीवर बसवायचा आणि सगळ्यांनी भोवती बसून त्याला काढायचं. वीस मिनिटं माणसानं हलायचं नाही, आम्ही बोलायचं नाही. वीस मिनिटं झाली की सर चमच्यानं स्टीलच्या पेल्यावर एकदा टक् करतात. मग माणूस हातपाय मोकळे करतो, चहा पितो, पुन्हा बसतो. माडीवर खालून सरकीचा वास येत असतो. तो वास नाकात गेला की अजूनही माझे हात चित्राचा कोळसा शोधायला लागतात.

तर त्या खुर्चीवर बसणाऱ्या माणसाला आम्ही ‘मॉडेल’ म्हणतो, आणि सगळं रामायण त्या शब्दानं घडलं. एका शनिवारी संध्याकाळी मी फोनवर बबनला विचारत होतो, “उद्या मॉडेल नक्की येणार ना? मागच्या वेळी ऐनवेळी आलीच नाही.” म्हणजे मला म्हणायचं होतं, ‘व्यक्ती आली नाही.’ पण माझ्या मागे मावशी कांदे चिरत होत्या, आणि सुरीचा आवाज थांबला. दुसऱ्या दिवशी मी कागद काखोटीला मारून निघालो, तर मावशी चपला घालून, हातात पिशवी घेऊन दारात उभ्या. “मीबी येतो,” म्हणाल्या. कुठे, असं मी विचारलं. “तुमी जाता तिथी.” बायको आत तोंडाला पदर लावून हसत होती. सख्ख्या भाचीचा संसार वाचवायला निघालेल्या त्या बाईंना अडवणं मला काही जमलं नाही.

त्या दिवशी खुर्चीवर बसला होता लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवणारा एक म्हातारा. लाल कोट, सोनेरी गोंडे, पांढऱ्या मिशा; सत्तरीचं वय. मावशींनी त्याला नखशिखांत पाहिलं आणि माझ्या कानाशी येऊन विचारलं, “हाच का तुमचा मॉडल?” मी हो म्हटलं. त्यांच्या चेहऱ्यावर सुटका आणि निराशा यांचं असं काही मिश्रण दिसलं की तेच काढावंसं वाटलं. मग त्या मागच्या बाकावर बसल्या. माडी शांत झाली. पाच मिनिटं गेली, आठ गेली. आणि मागून काळजीचा आवाज आला, “बाबाजी जिते आहेत ना? लयच गप झाले.” क्लॅरिनेटवाल्याच्या मिशा थरथरल्या. सरांनी उभ्या आयुष्यात कुणाला रागावून बोललेलं आम्ही ऐकलेलं नाही. ते उठले, मावशींच्या मांडीवर एक फळी ठेवली, तिच्यावर कागद लावला आणि हातात कोळशाची कांडी दिली. उद्देश एवढाच की बाईंचं तोंड बंद राहावं. मावशींनी कांडी उलटसुलट करून पाहिली आणि कागदाच्या अगदी खालच्या काठाला बँडवाल्याच्या उजव्या पायाचा अंगठा काढायला घेतला.

तेव्हापासून मलकापूर सोडेपर्यंत त्यांची रीत तीच राहिली. अंगठा, मग बोटं, मग घोटा, मग गुडघा, असं वर वर जात त्या गळ्यापर्यंत पोचत आणि तिथे कागद संपत असे. सरांनी परोपरीनं समजावलं की आधी डोकं किती मोठं ते ठरवा, मग त्या मापानं खाली या. मावशींना ते पटलं नाही. “माणूस पयले जमिनीवर टेकते सर,” त्या म्हणाल्या, “मंग त्याले डोकं येते.” सर म्हणाले, निदान पाय जरा लहान काढा, म्हणजे वर जागा उरेल. “पाय लहान काढले त थो चालंल कसा?” त्या पहिल्या दिवशी बँडवाल्यानं जाताना आपलं चित्र मागितलं. बघितलं. कोट होता, गोंडे होते, क्लॅरिनेट धरलेली बोटं होती, इतकी हुबेहूब की त्यातून सूर निघेल. “बाई, माहं मुंडकं?” त्यानं विचारलं. “पुढल्या रईवारी,” मावशी म्हणाल्या. तो बिचारा खरंच पुढच्या रविवारी आला.

मॉडेलला उपाशी बसवायचं नाही, हा त्यांचा दुसरा नेम. पोटात काही नसलेला माणूस कागदावर उतरतच नाही असं त्यांचं मत होतं, आणि ते खरं ठरवायला त्या पिशवीतून ज्वारीच्या कण्या, ठेचा, ताक, मुरमुरे असं काहीबाही आणत. सरांचा चमचा पेल्यावर टक् वाजला की पूर्वी माणूस हातपाय ताणायचा. आता तो मांडी घालून जेवायला बसू लागला. मध्येच त्याची मान अवघडलेली दिसली की मावशी उठून जात, उशी नीट करत, आणि आमची सगळ्यांची अर्धी झालेली चित्रं बिघडत, कारण परत बसताना तो माणूस भलतीकडेच बघू लागे. बबन पेंटर वैतागून म्हणायचा, “मावशी, जरासं त्याले तसंच राहू द्या ना.” मावशी म्हणायच्या, “तू बस बरं त्याच्या जागी अर्धा घंटा. मंग सांग.” एकदा बबन खरंच बसला. अकराव्या मिनिटाला त्यानं उशी मागितली. कोळशाच्या कांड्या नागपूरहून मागवतात हे कळल्यावर तर मावशींना फारच वाईट वाटलं. कोळशासाठी नागपूर गाठणारी माणसं त्यांनी पाहिली नव्हती. त्यांनी गावाहून पऱ्हाटीच्या, म्हणजे वेचणी संपलेल्या कपाशीच्या वाळक्या काड्या आणवल्या, एका जुन्या डब्यात गच्च बंद करून चुलीत घातल्या आणि पुढच्या रविवारी सर्वांना मूठमूठ वाटल्या. सरांनी रेघ ओढून पाहिली, दोनदा पाहिली, आणि नागपूरची कांडी खिशात ठेवून दिली. आमची माडी आजतागायत पऱ्हाटीच्याच कोळशावर चालते.

माणसाकडे बघण्याची एवढी सवय झाल्यावर ती रविवारपुरती थोडीच राहणार. दुपारी त्या माझ्या दुकानात येऊन स्टुलावर बसत आणि गिऱ्हाइकांचे पाय पाहत. लोक गोळ्या मागत, मावशी त्यांच्या चपला बघत. मला संकोच वाटे. एकदा एक ओळखीचे गृहस्थ नेहमीप्रमाणे अ‍ॅसिडिटीची गोळी घ्यायला आले. मावशी त्यांना म्हणाल्या, “बाबू, मांगच्या मंगळवारी तुही चप्पल सैल व्हती. आज पट्टा रुतून राह्यला.” गृहस्थ हसले, मीही हसलो. मावशी हसल्या नाहीत. “हे हसाचं नाही,” म्हणाल्या, “डाक्टरले दाखव.” त्यांनी इतकं टुमणं लावलं की तो माणूस केवळ सुटका व्हावी म्हणून तपासणी करून आला. किडनीचं दुखणं निघालं, वेळेत निघालं. महिन्याभरानं तो पिशवीभर लिंबं घेऊन दुकानात आला आणि मावशींच्या पाया पडू लागला, तेव्हा त्या त्याच्या पावलांकडेच बघत होत्या. “उतरली सूज,” एवढंच म्हणाल्या आणि लिंबांचं लोणचं घातलं.

आता जे सांगायचं आहे ते जरा वेगळं आहे. आमच्या माडीवर पुरुषच बसायचे. हमाल, न्हावी, गुराखी, पोस्टातून निवृत्त झालेले एक आजोबा. बाई कधी बसली नव्हती. सर एकदा चहा पिताना सहज म्हणाले, “मी जन्मभर देव्या रंगवल्या, मंडळांसाठी. पण समोर बसलेली बाई कधी काढली नाही. ज्या काढल्या त्या सगळ्या मनातल्या.” मावशींनी ते ऐकलं. पुढच्या रविवारी त्या जिना चढून आल्या त्या गुंफाबाईला घेऊनच. गुंफाबाई म्हणजे जवळच्या खेड्यातून बाजारात मेथी-वांगी विकायला येणारी पन्नाशीतली बाई. तिच्या घरची भाजीची वाडी आहे. मावशींनी तिला काय सांगून आणलं ते नंतर कळलं. गुंफाबाईनं विचारलं होतं, “काय करा लागते?” मावशी म्हणाल्या, “काई नाही. बसाचं.” “नुसतं?” “नुसतं.” “मंग येतो,” गुंफाबाई म्हणाली.

ती खुर्चीवर बसली, पदर नीट केला, एकदा आमच्या सगळ्यांकडे पाहिलं आणि तिसऱ्या मिनिटाला झोपली. गाढ. हात मांडीवर उलटे पडलेले, तोंड किंचित उघडं. वीस मिनिटं झाली. सरांनी चमचा उचलला, तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा खाली ठेवला. त्या दिवशी आम्ही सलग तास-सव्वा तास काढत होतो. मावशीसुद्धा बोलल्या नाहीत. सरांनी काढलेलं त्या दिवसाचं चित्र मी पाहिलं आहे. सरांना शाळेत इतकी वर्षं काढून जे मिळालं नसेल ते त्या एका कागदावर होतं. गुंफाबाई तीन रविवार आली. तिसऱ्या रविवारी ती जागी राहिली आणि मावशींशी वांग्यांवरच्या किडीबद्दल बोलली.

चौथ्या रविवारी घोटाळा झाला. बबन पेंटरनं कौतुकानं आपल्या मोबाइलच्या स्टेटसला टाकलं होतं, ‘लाइव्ह मॉडेल, दर रविवारी, सरांचा स्टुडिओ’. हेतू चांगला होता. पण कुणीतरी ते दोन शब्द मोबाइलमध्ये शोधले आणि तिथे जे दिसलं त्यावरून आमच्या माडीवर काय चालत असेल ते ठरवून टाकलं. चार दिवसांत ते गावभर झालं. त्या रविवारी गुंफाबाई नुकतीच बसली होती. जिन्यावर पावलं वाजली आणि तिचा मुलगा दारात येऊन उभा राहिला. तिशीचा, धिप्पाड, हातात गाडीची किल्ली. त्यानं आमच्यापैकी कुणाकडेही पाहिलं नाही. जमिनीकडे बघत म्हणाला, “माय, चाल.” गुंफाबाई उठली. टोपली घेतली. जाताना मावशींकडे तिनं जे पाहिलं ते मला अजून आठवतं. चूक कुणाची झाली तेच तिला कळत नव्हतं. कुणी ओरडलं नाही, भांडण झालं नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी शेठजींचा निरोप आला की मुलं मोठी झाली, माडी घरी लागते, महिनाअखेर मोकळी करून द्यावी. सर भिंतीवरची चित्रं काढून वर्तमानपत्रात गुंडाळायला लागले. “बंद करू आता,” मला म्हणाले. “त्या बाईला त्रास झाला. मी शिक्षक होतो हो गावात.”

त्या आठवड्यात मावशींच्या भाकरी जाड होऊ लागल्या, त्यावरून आम्हाला त्यांच्या मनातलं कळत होतं. रविवारी बाजारगर्दीच्या वेळेला त्या स्वच्छ लुगडं नेसून निघाल्या, आम्ही आवराआवर करत होतो त्या माडीवर गेल्या, खुर्ची उचलली आणि जिना उतरून गोदामाच्या ओट्यावर, ऐन रस्त्यासमोर मांडली. मग तिच्यावर बसल्या, पदर डोक्यावरून घेतला आणि आम्हाला म्हणाल्या, “काढा.”

सर गोंधळले. “बाई, इथं? रस्त्यावर?”

“रस्त्यावर. ज्याले पाह्याचं हाये त्यानं कायले जिना चढावं,” मावशी म्हणाल्या. “काय चालते ते सगळ्यायले दिसू द्या.”

आम्ही ओट्याखाली अर्धगोल बसलो. मी फळीआड तोंड लपवलं. त्या रस्त्यावरच्या निम्म्या लोकांना मी औषध देतो. पहिल्यांदा ऑटोवाले थांबले, मग केळीवाला, मग गाडीतून उतरून स्टेशनातून बाहेर पडणारे लोक. पंधरा-वीस मिनिटं नुसती कुजबुज होती. मग कुणीतरी बबनच्या खांद्यावरून डोकावून म्हणालं, “नाक जमलं बे.” दुसरा म्हणाला, “सरायचं पाह्य, सरायचं. डोळा पाह्य कसा काढला.” नंतर लोक आळीपाळीनं सगळ्यांच्या कागदांवरून फिरू लागले आणि त्यांच्यात मतभेद पडले. माझ्या चित्राबद्दल मात्र एकमत होतं. ते मी इथे देत नाही. इकडे मावशी हलल्या नाहीत. तीन वर्षांत एक मिनिट स्वस्थ न बसलेली ती बाई अशी बसली की तिच्या हनुवटीवर माशी बसली तरी हात उचलला नाही. ऊन सरकत सरकत ओट्यावर आलं आणि तिच्या चेहऱ्यावर पडलं. शेठजी मघापासून आत गादीवर बसून हिशेबाच्या वहीत बघितल्यासारखं करत होते. ते बाहेर आले, थोडा वेळ सरांच्या मागे उभे राहिले आणि आपल्या नोकराला म्हणाले, “ताडपत्री बांध रे इथे. म्हातारीच्या डोळ्यावर ऊन आहे, नुकतं ऑपरेशन झालंय.” ऑपरेशनला तीन वर्षं होऊन गेली होती, पण कुणी दुरुस्ती केली नाही.

गुंफाबाईचा मुलगा बाराच्या सुमाराला आला. गर्दीच्या मागे उभा होता. मावशींनी मान न वळवता त्याला हाक मारली. “बाबू, मले हलता येत नाही. तूच ये इकडे. सर, थो माहा कागद त्याले दाखवा.” सरांनी वरून गुंडाळी आणून सोडली. मावशींनी तीन रविवार खपून काढलेलं गुंफाबाईचं चित्र होतं ते. दोन पावलं, टाचांच्या भेगा, झिजून तारेएवढी झालेली जोडवी, वाकडं झालेलं एक बोट, लुगड्याचा चिखलानं कडक झालेला काठ, मांडीवरचे दोन हात, आणि गळ्याशी कागद संपलेला. गर्दीतून कुणीतरी विचारलं, “मुंडकं कुठी आहे?” मुलगा त्या चित्राकडे बघत राहिला. “हे मायचे पाय आहेत,” तो हळू म्हणाला. “हे बोट बंडीच्या चाकाखाली आलं व्हतं. मी तवा तिच्या कडेवर व्हतो.” मग थोड्या वेळानं, “इतकं कोणं पाह्यलं?”

“मी,” मावशी म्हणाल्या. “सहा दिवस ते उभी रायते. सातव्या दिवशी जराशी बसली, त तू उठोलं तिले.”

माफी वगैरे त्यानं मागितली नाही, आणि मावशींनाही ती नको होती. गर्दीतून वाट काढून गेला. त्यानंतरचे तीन रविवार गुंफाबाई आली नाही आणि आम्ही तिचं नाव काढलं नाही. चौथ्या रविवारी खाली मोटारसायकल थांबल्याचा आवाज आला. मुलगा तिला जिन्यापाशी सोडून वर न येता निघून गेला, आणि ती टोपलीतून मावशींसाठी मेथीची जुडी काढत वर आली. माडीचा विषय शेठजींनी पुन्हा काढला नाही. सरांनी चित्रं वर्तमानपत्रातून सोडवून परत भिंतीला लावली.

पण त्या ओट्यावरच्या दिवसाचं मला सगळ्यात जास्त लक्षात राहिलंय ते दुपारच्या जेवणातलं. मी तीन तास मावशींचा चेहरा पाहिला होता. त्यांच्या डाव्या भुवईत एक जुना व्रण आहे, खालचा ओठ गप्प असताना लहान मुलीसारखा पुढे येतो, हे सगळं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. घरी आल्यावर बायकोनं ताटं केली. मावशींनी घास मोडला, तो तसाच हातात ठेवला आणि म्हणाल्या, “जावाईबापू, इतका येळ मले आजपावतर कोणी पाह्यलं नोतं.” मी काहीतरी बोलायचं म्हणून मावससासऱ्यांचं नाव काढलं. त्या म्हणाल्या, “थे माणूस चांगले व्हते. पन वावरातून आले की ताटाकडे पाहत.” मग त्यांनी तो घास खाल्ला आणि वरणात मीठ कमी असल्याचं सांगितलं.

पुढच्या वर्षी वरवट बकालला सुनेचा हात मोडला. मावशी गेल्या आणि तिकडेच राहिल्या. तिचा हात जुळला, पण तोवर यांचे गुडघे बसले. माडीचा जिना आता होणार नाही म्हणाल्या. मी मध्ये मध्ये कागद पाठवत असे. गेल्या हिवाळ्यात मी स्वतः गेलो, तर मी पाठवलेले कागद फडताळात डाळीच्या डब्यांखाली नीट अंथरलेले दिसले. “चांगला जाड कागद हाये,” त्या कौतुकानं म्हणाल्या. चित्र काढता का, असं विचारल्यावर अंगणाकडे हात केला. तिथे तुरी वाळत होत्या, एक वासरू बांधलेलं होतं, सून एका हाताला जपत कपडे वाळत घालत होती. “येळ कुठी भेटते,” म्हणाल्या. तक्रार नव्हती त्यात. मला बाजेवर बसवलं, चहा दिला आणि सूप मांडीवर घेऊन तुरी पाखडू लागल्या. मी माडीवरच्या गोष्टी सांगत होतो. सरांची तब्येत, बबनचं लग्न, गुंफाबाईला झालेली नात. बोलता बोलता लक्षात आलं की सुपाचा आवाज थांबलाय. त्या माझ्याकडे बघत होत्या.

“जरासे तसेच बसा,” त्या म्हणाल्या.

मी तसाच बसलो. हातात कप होता, त्यावर साय धरत होती. त्यांच्यापाशी कागद नव्हता, कोळसा नव्हता. त्या नुसत्या बघत राहिल्या, सावकाश, कसलीही घाई नसल्यासारख्या. किती वेळ गेला ते मी सांगू शकणार नाही. मग म्हणाल्या, “केस पांढरे झाले तुमचे. मांगच्या खेपेले काळे व्हते.”

“तेव्हाही पांढरेच होते, मावशी,” मी म्हटलं. “मी रंग लावत होतो. या वेळी निघायच्या गडबडीत राहिला.”

“नका लावत जाऊ,” त्या म्हणाल्या. “असेच चांगले दिसता.” आणि सूप पुन्हा हलू लागलं.

मला सोडायला त्या गुडघे धरत धरत फाट्यापर्यंत आल्या, नको म्हटलं तरी आल्या. एस.टी. वळणाआड जाईपर्यंत कपाळावर आडवा हात धरून उभ्या होत्या. त्यानंतर मी केसांना रंग लावलेला नाही.